ताडपत्रीखालचं ऊन

बोटीतून उतरणारा प्रत्येक अधिकारी धक्क्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघायचा आणि म्हणायचा, काय ऊन आहे हो तुमच्याकडे. जणू बेटावरच्या लोकांनी ते अजून पाहिलंच नव्हतं. हे वाक्य ऐकलं की वहिनींना तिडीक यायची.

वहिनी म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या वहिनी. बेटावर कारखाना तो एकच, त्यामुळे सगळ्या बेटाच्याच त्या वहिनी होत्या. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले होडीवालेही त्यांना वहिनीच म्हणत. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, तिच्यात मिठाच्या गार पाण्याची मोठी टाकी आणि टाकीत उभे केलेले पत्र्याचे डबे. डब्यांत गोडं पाणी भरायचं, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, की डब्याच्या आकाराची बर्फाची लादी तयार होते. पण वीज मध्येच गेली तर लादी बाहेरून दगडासारखी आणि पोटात नुसतं पाणी. उचलायला जावं तर कमरेत मोडते. वहिनींच्या निम्म्या लाद्या अशाच मोडायच्या.

कारण बेटावरची वीज डिझेलच्या इंजिनावर यायची आणि डिझेल मोठ्या बंदरातून तराफ्यावर यायचं. समुद्र खवळला की तराफा नाही, तराफा नाही की डिझेल नाही, डिझेल नाही की बर्फ नाही, आणि बर्फ नसला की होड्यांतले मासे डोळ्यांदेखत नासायचे. वर आभाळात सूर्य भाजून काढत असायचा. त्याचा उपयोग एवढाच, की मासे लवकर नासायचे.

इंजिन चालवायचे वहिनींचे दीर. वीजखात्याचा बेटावरचा एकुलता एक माणूस. लग्न केलं नव्हतं, राहायला वीजघराच्या मागच्या खोलीत आणि जेवायला दोन्ही वेळा वहिनींकडे. त्यामुळे वीज गेली की वहिनींना राग काढायला लांब जावं लागत नसे. भावजी मान खाली घालून जेवत आणि हात धुताना सांगत, की वरून डिझेल आलं नाही तर मी काय इंजिनात पाणी घालू. हेही खरंच होतं, म्हणून वहिनींचा राग आणखी वाढायचा.

ऊन मोजायला माणसं येत ती मात्र नेमाने येत. एक पथक तीन पायांचं यंत्र घेऊन आलं. दुसऱ्याने गच्च्या मोजल्या. तिसऱ्याने घरोघरी जाऊन विचारलं, की तुमच्याकडे ऊन कधी येतं. सगळे जाताना सांगत, की या बेटाची क्षमता अफाट आहे. वहिनींना या शब्दाची ॲलर्जी होती. त्यांचं लग्न ठरताना मध्यस्थाने नवऱ्याबद्दल हाच शब्द वापरला होता, मुलात क्षमता फार आहे म्हणून. इतकी वर्षं संसार करून ती त्यांना अजून सापडायची होती. नवरा स्वभावाने सोन्यासारखा, स्वतःची होडी घेऊन समुद्रावर जायचा. पण कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, होईल गं.

अशातच एक तरुण इंजिनीयर मुलगी आली. तिच्या गळ्यात कायम एक मीटर लटकलेला असायचा म्हणून लोकांनी तिला मीटरवाली करून टाकलं. बेटावर उतरायला जागा नव्हती, तेव्हा नवऱ्याने न विचारताच तिला घरी आणून ठेवलं. वहिनींनी तिला चहा दिला आणि सरळ सांगून टाकलं, की जेव, झोप, हवं तेवढं राहा, पण ऊन खूप आहे एवढं मला सांगू नकोस.

ती हसली. म्हणाली, की आधीच्या सगळ्या पथकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. उन्हातून वीज दिवसा होते आणि बेटाला ती लागते संध्याकाळनंतर. मग साठवायला बॅटऱ्या हव्यात, त्या महाग, आणि खाऱ्या हवेत टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक पथक शेवटी लिहून जातं, की अजून अभ्यास हवा.

"पण मला कुठे रात्री हवी आहे वीज," वहिनी भाकरीसाठी पीठ मळता मळता म्हणाल्या. "मी दिवसा लादी करते. होड्या पहाटे येतात. तोवर ती लाकडाच्या भुशात पडून राहते."

मीटरवाली चहाचा कप तसाच धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही वीज साठवतच नाही. थंडी साठवता."

वहिनींना यात एवढं काय ते कळलं नाही. आपण बर्फ करतो हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. पण मुलगी दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या गच्चीवर चढली. गच्ची मोठी होती, आजूबाजूला झाड नव्हतं की उंच इमारत नव्हती. तिने मापं घेतली, आणि जाताना सांगितलं, की इंजिन बंद असलं तरी थेट उन्हावर चालेल असा कॉम्प्रेसर मिळतो. ढग आला तर तो हळू होतो, गेला की पुन्हा जोर धरतो. तो मी तुम्हाला आणून देते. वहिनींनी मान डोलावली आणि विसरून गेल्या. असं सांगून गेलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

पण या मुलीने पिच्छा सोडला नाही. पुढच्या वर्षी खरोखरच सौर पॅनेल आले. फक्त पॅनेलच आले. त्यांचे सांगाडे मागे राहिले. सांगाडे आले तेव्हा त्यांचे बोल्ट आले नाहीत. बोल्ट आले ते दुसऱ्याच मापाचे. मीटरवाली फोनवर इतकी ओरडली की तिचा आवाज बसला, आणि वहिनींनी तिला गरम पाणी करून पाजलं. त्या मुलीवर त्यांचा जीव जडला तो तेव्हा. एवढं चिडणारं माणूस त्यांना घराबाहेर पहिल्यांदाच भेटत होतं.

शेवटी सगळं जोडून झालं. एका दुपारी नवा कॉम्प्रेसर चालवून पाहिला. तो असा चालला, की वहिनी टाकीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. त्यानंतर कंत्राटदाराच्या माणसांनी कॉम्प्रेसर बंद केला, गच्चीवरच्या सगळ्या पॅनेलवर निळी ताडपत्री पसरली, ती दोऱ्यांनी करकचून बांधली, स्विचच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली भावजींच्या हातात दिली. उद्घाटन व्हायचं होतं. मोठे साहेब येणार, ते स्वतः ताडपत्री ओढणार. तोवर कुणी हात लावायचा नाही.

मीटरवालीने पुष्कळ वाद घातला, पण तिला दुसऱ्या कामावर पाठवलं होतं. ती बोटीत बसताना म्हणाली, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

साहेब आले नाहीत. आधी त्यांची बैठक निघाली. मग त्यांच्याही वरचे साहेब म्हणाले, की मीही येतो. मग त्या वरच्या साहेबांचा घसा बसला. मग समुद्र खवळला. प्रत्येक तारखेला वहिनी कारखाना धुऊन काढत, नवरा धुतलेला शर्ट घालून धक्क्यावर जाऊन उभा राही, आणि भावजी फोन कानाला लावून परत येत. गच्चीवर ताडपत्री उन्हात फिकट होत चालली होती. आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि ऊन खायला आणलेले पॅनेल सावलीत झोपलेले. वहिनी येता-जाता वर बघत आणि कपाळावर हात मारून घेत.

समुद्र खवळल्यामुळे तराफाही येईना. भावजींनी आधी वीज फक्त संध्याकाळपुरती ठेवली, मग दवाखान्यापुरती, आणि मग तीही दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजसाठी सकाळ-संध्याकाळ थोडी थोडी. बर्फाचा कारखाना बंद पडला. होड्या लांब न जाता आडोशाच्या खाडीतच मासेमारी करू लागल्या, आणि नेमका त्याच दिवसांत खाडीत मासा असा लागला, की होड्या काठोकाठ भरून यायच्या. पहिल्या दिवशी लोकांनी उरलासुरला बर्फ वाटून घेतला. दुसऱ्या दिवशी अर्धे मासे फेकावे लागले. वास कारखान्याच्या दारापर्यंत आला.

त्या दुपारी जेवताना वहिनींनी भावजींकडे किल्ली मागितली. भावजी म्हणाले, ते माझ्या हातात नाही. वहिनी म्हणाल्या, किल्ली तुमच्या खिशात आहे. भावजी म्हणाले, किल्ली खिशात आहे पण अधिकार साहेबांकडे आहे. वहिनींनी त्यांच्यापुढची आमटीची वाटी उचलली आणि परत भांड्यात ओतली.

"मग उद्यापासून जेवायलाही साहेबांकडेच जा," त्या म्हणाल्या.

नवरा मधे पडला, की जेवताना तरी नको. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने होईल गं म्हणायला उघडलेलं तोंड घास घालून बंद केलं. भावजी कोरडी भाकरी तशीच अर्धी टाकून उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं चढल्यावर होड्या आल्या तेव्हा वहिनी धक्क्यावर गेल्या नाहीत. त्यांनी मासे कापायचा मोठा सुरा घेतला, पदर खोचला आणि कारखान्याच्या भिंतीला शिडी लावली. नवरा होडी धक्क्याला बांधून बायको कुठे दिसत नाही म्हणून शोधत आला, तेव्हा त्या अर्ध्या चढल्या होत्या. त्याने धावत येऊन शिडी धरली. उतर म्हणाला नाही. फक्त म्हणाला, वरची पायरी हलते, सांभाळ.

गच्ची तव्यासारखी तापली होती. वहिनींनी एकेक दोरी कापायला सुरुवात केली. दोऱ्या मिठाने ताठ झाल्या होत्या, सुरा घसरत होता, आणि ताडपत्री हाताला चटके देत होती. दोरीगणिक त्या कुणाला ना कुणाला बोलत होत्या: कंत्राटदाराला, दोन्ही साहेबांना, बसलेल्या घशाला. खाली होडीवाले जमले. कुणीतरी मदतीला वर येऊ का विचारलं. वहिनी म्हणाल्या, की नको, नोकरी माझ्याकडे नाही त्यामुळे जाणार नाही, बोलणी खायला मी एकटी पुरे, तुम्ही खालीच थांबा.

ताडपत्री निघाली आणि सगळी गच्ची लखलखली. तेवढ्यात वीजघराकडून भावजी धापा टाकत आले. शिडी अजून भावानेच धरलेली पाहून ते क्षणभर त्याच्याकडेच बघत राहिले. भावाने शिडी सोडली नाही.

"ताडपत्री काढून काय होणार आहे वहिनी," भावजी खालून म्हणाले. "पेटीला कुलूप आहे."

"माहीत आहे."

"मग खाली या."

"नाही येत," वहिनी म्हणाल्या आणि पॅनेलच्या शेजारी तापलेल्या गच्चीवरच मांडी घालून बसल्या. "तुमचे साहेब आले की त्यांना सांगा, ताडपत्रीच्या जागी मी बसलेय. मलाच ओढून काढा म्हणावं."

खाली लोक हसले. भावजी हसले नाहीत. ते शिडीपाशी आले, भावाला बाजूला व्हायला सांगितलं आणि वर चढले. लोकांना वाटलं आता जुंपणार. पण वर गेल्यावर ते वहिनींच्या समोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. खाली कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यांनी सांगितलं, की फक्त उद्घाटनाची गोष्ट नाहीये. मागे मोठ्या बंदरात गेलो होतो तेव्हा कचेरीत कुणीतरी बोललं होतं, की कारखान्यात हे नीट चाललं तर पुढे सगळ्या बेटावर बसवतील, इंजिन भंगारात काढतील आणि मला मोठ्या बंदरात बदली देतील. तिथे दहा इंजिनं आहेत आणि माझ्यासारखे पन्नासजण. साहेबांची तारीख पुढे गेली की मला प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. लोकांना मासे फेकताना मी पाहिलं. तेव्हा बरं वाटलं नाही. पण किल्ली खिशातून निघत नव्हती.

वहिनींनी सुरा बाजूला ठेवला. त्यांच्या तळहातांना फोड येऊ लागले होते.

"इतके महिने हे पोटात ठेवून माझ्याकडे जेवत होतात?"

"तुम्ही कुठे विचारलंत," भावजी म्हणाले. "तुम्ही नुसतं ओरडत होता."

हे ऐकून वहिनींना पुन्हा ओरडावंसं वाटलं. पण त्या माणसाच्या हातांना आयुष्यभराच्या काळ्या तेलाचा रंग होता, आणि त्यांनी काल भाकरी अर्धी टाकली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, इंजिन आज बंदच आहे. या पॅनेलवर ताडपत्री ठेवून ते काही चालू झालं नाही. उद्याचं उद्या बघू, भांडायला मी आहेच. आणि बदली झालीच तर मी तुमच्या साहेबांच्या दारात जाऊन बसेन. गच्चीवर बसता येतं तर तिथेही बसता येईल."

भावजींनी खिशातून किल्ली काढली, पण वहिनींना दिली नाही. हे कुलूप उघडणं माझ्याच नावावर राहू दे, म्हणाले. ते स्वतः खाली उतरले, पेटी उघडली आणि खटका दाबला. कॉम्प्रेसर आधी कण्हल्यासारखा झाला, मग घरघरू लागला. लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मासे वाट बघत होते. सगळे डबे भरायला धावले.

त्या दिवशीचे मासे वाचले नाहीत. लादी व्हायला वेळ लागतो, ऊन कितीही असलं तरी. जेवढे मीठ लावून ठेवता आले तेवढे ठेवले, बाकीचे गेले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या आल्या तेव्हा भुशात लाद्या रचून ठेवलेल्या होत्या, आणि एकीच्याही पोटात पाणी नव्हतं. नवऱ्याने एक उचलून खांद्यावर घेतली आणि उगीचच धक्क्यापर्यंत जाऊन परत आला.

कुणीतरी गच्चीचा फोटो काढला होता. तो फिरत फिरत कचेरीत पोचला. भावजींना फोनवर बोलणी बसली, ती वीजघराबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू आली. मीटरवालीचाही फोन आला. ती वहिनींशी बोलताना आधी हसली आणि मग रडली.

समुद्र शांत झाला तसे साहेब आले. मोठेच, त्यांच्या वरचे नाहीत. त्यांच्याआधी निरोप आला, की कॉम्प्रेसर बंद करा, ताडपत्री पुन्हा घाला, म्हणजे साहेबांना ती काढता येईल. वहिनींनी निरोप आणणाऱ्यालाच टाकीपाशी नेलं, अर्धवट गोठलेले डबे दाखवले आणि विचारलं, की तू करतोस का बंद. तो म्हणाला, मी फक्त निरोप आणलाय.

वहिनींनी साहेबांशी करायच्या भांडणाची मनात पूर्ण तयारी केली होती. पण बोटीतून जो माणूस उतरला त्याला वाटेत उलट्यांनी बेजार केलं होतं. चेहरा पांढराफटक. वर बघून ऊन फार आहे म्हणण्याइतकंही त्राण नव्हतं. त्यांना कारखान्यात आणून पालथ्या घातलेल्या डब्यावर बसवलं आणि वहिनींनी फडक्यात बर्फ बांधून त्यांच्या डोक्यावर धरला. आता अशा माणसाशी भांडायचं कसं, याचीच त्यांना चीड आली.

थोड्या वेळाने साहेबांना बोलता येऊ लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मला ताडपत्री ओढायची हौस नाही. पण माझा ताडपत्री ओढतानाचा फोटो वर गेला नाही तर पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळत नाही. असंच आहे आमच्याकडे."

वहिनींनी हात टेकले. नवऱ्याने मग सुचवलं, आणि त्याने काही सुचवण्याची ही पहिलीच वेळ होती, की ताडपत्री कडेच्या एकाच रांगेवर घालू. फोटोत बाकीचं दिसतं कुठे? तसंच केलं. साहेबांना दोघांनी धरून शिडीवरून वर नेलं, त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली, फोटो निघाला. खाली कॉम्प्रेसर जरासा हळू झाला आणि पुन्हा लयीत आला. भावजी कान देऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते समाधान होतं की काळजी, हे वहिनींना ओळखता आलं नाही.

उतरल्यावर वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, की आमच्या भावजींचं काय. साहेब म्हणाले, की खात्याचा नियम मोडलाय, ठपका राहील. बदलीचं अजून काही ठरलेलं नाही. रात्रीची वीज इंजिनावरच आहे, आणि इथे गच्चीवरचं हे सगळं रोज बघणारा माणूस लागणारच. वहिनींनी ते दोनदा वदवून घेतलं.

ठपका राहिला. भावजी अजून बेटावर आहेत. संध्याकाळी इंजिन चालवतात आणि सकाळी गच्चीवर असतात. पॅनेलवर खाऱ्या हवेचा थर बसतो, वरून समुद्रपक्ष्यांची शीट, आणि दोन्ही धुतलं नाही तर कॉम्प्रेसर रडायला लागतो. ते धुवायला गोडं पाणी लागतं. बेटावर गोडं पाणी मोजकंच, आणि वहिनींना ते लाद्यांसाठी हवं असतं. यावरून आता रोज जेवताना भांडण होतं. भावजी म्हणतात, की पॅनेल धुतले नाहीत तर लादीच होणार नाही. वहिनी म्हणतात, की पाणी तुम्हाला दिलं तर लादी कशाची करू. नवरा दोघांना आमटी वाढतो.

परवा वहिनींनी बादली उचलली, फुटक्या लाद्यांचे तुकडे जिथे वितळत पडतात तिथलं पाणी तिच्यात भरून घेतलं आणि शिडीखाली आणून आदळली. हे घ्या, म्हणाल्या, आणि उद्यापासून स्वतः भरून घ्यायचं. भावजींनी बोट बुडवून पाहिलं, पाणी फार गार आहे, तापलेली काच तडकेल म्हणाले, आणि बादली उन्हात ठेवून पाणी कोमट होण्याची वाट बघत बसले.